पंजाचं तेल परत कुठे जातं?

मामांचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या सातपूरला वर्कशॉपमध्ये प्रेसच्या बुडाशी आडवा पडलो होतो. "अरे, त्या पंजाला भूत लागलंय. लोडर वर घेतला की तो आपोआप मिटतो. हात पण लावत नाही मी." पंजा म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरच्या बकेटवर बसवलेला, तेलाच्या दाबावर मिटणारा जबडा. तो मी बसवलेला नव्हता. पण नात्यात हायड्रॉलिकचं काम करणारा एकच माणूस असला की दिंडोरी तालुक्यातली प्रत्येक गळती त्याच्याच नावावर चढते. रविवारी येतो म्हणालो.

मामांची चार एकर द्राक्षबाग. त्यातली दोन एकर जुनी थॉमसन यंदा काढली. तारा आणि अँगल सोडवून घेतले, जेसीबीनं खोडं उपटली आणि सगळा पसारा बांधाला लावला. ज्यानं बाग मोडलेली पाहिली आहे त्याला तो ढीग कसा असतो हे सांगायला नको. मुळांसकट खोड, त्याला दोन्ही बाजूंनी पसरलेले ओलांडे, ओलांड्यांना काड्या, काड्यांत अडकून राहिलेले तारेचे तुकडे. एक ओढलं की दहा येतात. मामांच्या २७ एचपीच्या ट्रॅक्टरला पुढे छोटा लोडर आहे. फवारणीच्या दिवसांत तो काढून ठेवतात, कारण वाय आकाराच्या मांडवाखाली तो चालत नाही. एरवी शेणखत, गोण्या, माती यांना तो उत्तम. पण खोडं बकेटमध्ये राहत नाहीत. मग एक माणूस दाताळं घेऊन बकेटशेजारी उभा राहायचा आणि घसरणारी खोडं आत दाबायचा. वर उचललेल्या बकेटखाली माणूस. मामींनी ते एकदा पाहिलं आणि काम बंद पाडलं.

म्हणून पंजा. कादवा नदीच्या पट्ट्यात ऊस भरणारे ग्रॅबर सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे कल्पना नवी नव्हती. एका फॅब्रिकेटरनं बकेटच्या वरच्या कडेला बिजागरी देऊन तीन दातांचा जबडा बसवला, मधे एक सिलिंडर दिला. लोखंडकाम खरंच छान होतं, ते मी आधीच सांगून टाकतो. घोळ झाला तो तेलाच्या रस्त्यात.

या लोडरचा व्हॉल्व दोन स्पूलचा. स्पूल म्हणजे व्हॉल्वच्या आत सरकून तेलाची वाट बदलणारी कांडी. एक लोडर वर-खाली करतो, दुसरा बकेट आत-बाहेर वळवतो. पंजाला तिसरा रस्ता लागतो, आणि तो व्हॉल्ववर नव्हताच. तेव्हा त्यांनी बाजारातून एक सुटा, एका दांड्याचा हाताचा व्हॉल्व आणला आणि पंप व लोडरच्या व्हॉल्वच्या मधे घातला. पंपाचं तेल याच्या 'पी'मध्ये, 'ए' आणि 'बी' पंजाच्या सिलिंडरला, आणि 'टी'मधून निघालेलं तेल पुढे लोडरच्या व्हॉल्वला. दिसायला सरळ होतं. आठ दिवस चाललंही.

आता हे का चुकलं, ते शेतकऱ्याला पाटाच्या भाषेत पटकन कळतं. अशा छोट्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक यंत्रणा 'ओपन सेंटर' असते. पंप फिरतोय तोवर तेल पाटाच्या पाण्यासारखं सतत वाहतं. पहिल्या व्हॉल्वमधून दुसऱ्यात, तिथून मागच्या लिफ्टला आणि मग टाकीत, म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलातच. दांडा ओढला की तुम्ही पाटाला दार लावता आणि पाणी आपल्या वाफ्यात वळवता. वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला निघालेलं पाणी पाटात जात नाही, ते चारीला जातं. व्हॉल्ववर ही चारी म्हणजे 'टी'. पाट जिथून पुढे जातो ते तोंड वेगळं असतं, त्याला 'पॉवर बियॉन्ड' म्हणतात. मामांच्या व्हॉल्वला ते तोंड नव्हतंच. फॅब्रिकेटरनं चारीलाच पाट समजून पुढे जोडलं.

पुढच्या शेतकऱ्यानं दार लावलं की पाणी तुंबतं. इथेही तेच. मामा लोडर वर घेत, पुढच्या व्हॉल्वमध्ये दाब चढे आणि तो सगळा मागे नव्या व्हॉल्वच्या चारीत उभा राही. स्पूल आणि बॉडी यांच्यात केसाएवढी फट असतेच. नेहमी त्या फटीतून झिरपलेलं तेल चारीला निघून जातं, म्हणून काही बिघडत नाही. इथे दोन्हीकडे दाब. तेल झिरपून 'ए'मध्येही गेलं आणि 'बी'मध्येही. सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना सारखा दाब आला की पिस्टनची दांडी नेहमी बाहेरच येते, कारण दांडीच्या बाजूला तेल दाबायला जागा कमी असते. दांडी बाहेर म्हणजे पंजा बंद. मामांचं भूत ते हेच.

एवढं मी फोनवरच ओळखलं होतं, पण अंदाजावर पाना उचलायचा नाही अशी मला सवय लागली आहे. रविवारी ४०० बारपर्यंत दाब मोजणारं ग्लिसरीन गेज घेऊन गेलो. आधी पंपाच्या लाइनवर लावलं: सगळे दांडे मधे असताना १२ बार, बकेट शेवटपर्यंत वळवून दांडा धरून ठेवला की १५०. म्हणजे लोडरचा रिलीफ, दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल सोडून देणारा व्हॉल्व, ठीक. मग गेज नव्या व्हॉल्वच्या 'टी'च्या नळीवर. तिथे फार तर पाच-दहा बार दिसायला हवे होते. मामांनी बकेट वळवून धरली आणि काटा १५० वर जाऊन थांबला. तेवढ्यात दांड्याच्या बुडातून तेलाचा ओघळ सुरू झाला. स्पूलच्या टोकांची सीलं चारीच्या बाजूला असतात आणि ती कमी दाबासाठीच बनवलेली असतात. रोज १५० बार खाऊन त्यांनी मान टाकली होती.

मामा खाली वाकले आणि तेल कुठून येतंय ते बोटानं चाचपू लागले. मी ओरडलो. भाच्यानं मामावर असं ओरडू नये, पण पिनएवढ्या छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीतून आत घुसते. वरून टोचल्यासारखं दिसतं, आत हाताची वाट लागते. अशा वेळी तासाभराचीही वाट न पाहता थेट सर्जन गाठावा लागतो. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्यानं शोधायची, तीही डोळ्यांवर चष्मा लावून.

सीलांपेक्षा जास्त काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची होती. नव्या व्हॉल्वमध्ये स्वतःचा रिलीफ होता, १४० बारला बसवलेला. हा साधा स्प्रिंगचा रिलीफ चारीच्या दाबाच्या वर १४० मोजतो. चारीत शून्य असेल तर १४० ला उघडतो, चारीत १०० असतील तर २४० ला. पंजा पूर्ण मिटलाय, दांडा धरलेला आहे आणि त्याच वेळी लोडर ओझं उचलतोय, असं झालं की पंप २४० बारशी झटतो. पंपावर दुसरा कुठलाच रखवालदार नव्हता, कारण बाकी सगळे रिलीफ त्या व्हॉल्वच्या पुढे होते. ही चाचणी मी केली नाही. आठ दिवसांत मामांकडून ती किती वेळा झाली असेल, हेही विचारलं नाही.

दुपारी पिठलं-भाकरी खाताना प्रश्न आला, आता काय करायचं. चार वाटा होत्या.

पहिली म्हणजे हाच व्हॉल्व काढून पॉवर बियॉन्डचं तोंड असलेला घ्यायचा आणि त्याच्या 'टी'ची वेगळी नळी थेट टाकीपर्यंत न्यायची. शास्त्रात बसतं. पण तिसरा दांडा तसाच राहतो. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा लोडरच्या जॉयस्टिकवर, मग पंजाचा दांडा कोण ओढणार? दुसरी वाट तीच, पण विजेवर चालणारी: जॉयस्टिकवर बटण आणि स्वतंत्र तिसरा रस्ता. यात बकेट वळवता वळवता पंजाही मिटवता येतो. रोज दिवसभर हेच काम असेल तर मी हीच सांगेन. पण पंपाच्या मुख्य लाइनला पुन्हा हात लावायचा, आणि एकदा पोळलेले मामा त्याला तयार नव्हते.

तिसरी वाट सगळ्यात स्वस्त, आणि लोक तिला उगाच कमी लेखतात. पलटी नांगरासाठी मागे, सिलिंडर दोन्ही दिशांना चालवणारा, जो डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व असतो त्याच्यातून दोन लांब नळ्या पुढे आणायच्या. नवा व्हॉल्व नको, वायर नको, दाबाची भानगड नाही. वर्षातून आठ-दहा दिवस पंजा लागणार असेल तर दुसरं काही करू नये असं माझं मत आहे. मामांच्या ट्रॅक्टरला हा व्हॉल्व आहे. पण त्याचा दांडा सीटच्या मागे उजवीकडे. ओझं वर असताना जॉयस्टिक सोडून मागे वळायचं, आणि मामांचा उजवा खांदा गेल्या दिवाळीपासून धरलेला. ती वाट तिथेच संपली.

चौथी म्हणजे डायव्हर्टर. सहा तोंडांचा, दोन स्थितींचा सोलेनॉइड (विजेच्या कॉइलनं सरकणारा) व्हॉल्व, बकेट वळवणाऱ्या दोन नळ्यांच्या मधे बसणारा. बटण सोडलेलं असेल तर तेल नेहमीसारखं बकेटच्या सिलिंडरला जातं. बटण दाबून धरलं की तेच तेल, त्याच जॉयस्टिकनं, पंजाला. पंपाच्या लाइनला हात नाही, चारीचा प्रश्न नाही, लोडरच्या व्हॉल्वचा जुना रिलीफ दोघांनाही सांभाळतो. तोटा एकच: बकेट आणि पंजा एका वेळी चालत नाहीत. मामांनी विचारलं, "म्हणजे आधी घास घ्यायचा, मग तोंड मिटायचं?" हो. "मग माणसासारखंच झालं की." हीच ठरली.

फॅब्रिकेटरनं घातलेला व्हॉल्व काढून पंपाची लाइन मूळ होती तशी केली. डायव्हर्टर लोडरच्या आडव्या पाइपला बसवला. तिथून पंजापर्यंत दोनच नळ्या.

नळ्यांबद्दल थोडं लांबवतो, कारण पैसे इथेच वाचवले जातात. अंबडला होज क्रिम्प करणाऱ्याकडे गेलो तर त्यानं लगेच एका वेणीची नळी काढली. तीन अष्टमांश इंचाची एका तारवेणीची नळी १८० बारची असते, आणि आपला दाब १५०. मग पुरेल ना? नाही पुरत. पंजाच्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ४० मिलिमीटर, दांडी २५. मागच्या बाजूचं क्षेत्रफळ १२.६ चौरस सेंटिमीटर, दांडीच्या बाजूचं ७.७. समजा पंजाची एक क्विक कपलिंग (हातानं झटकन जोडायचा सांधा) नीट बसली नाही आणि दांडीच्या बाजूचं तेल अडकून पडलं. मागून १५० बार आले की ते अडकलेलं तेल १५० गुणिले १२.६ भागिले ७.७, म्हणजे जवळजवळ २४६ बारला जातं. तो दाब कुठल्याच रिलीफला दिसत नाही. कपलिंग अर्धवट बसणं ही शेतावर रोजची गोष्ट, म्हणून दोन वेण्यांची नळी घेतली. त्याच मापात ती ३३० बारची असते.

दुसरा घोळ निपलांचा, म्हणजे नळीच्या जोडांचा. आपल्याकडे बीएसपी चूड, म्हणजे ब्रिटिश मापाचे आटे, सगळीकडे मिळते आणि तिच्या आतली, तेल अडवणारी शंकूची बैठक ६० अंशांची. जपानी बनावटीच्या बऱ्याच यंत्रांवर चूड तशीच बसते, पण आतली बैठक वेगळी. हातानं छान फिरते, पान्यानं आवळली जाते, आणि ओझं आलं की पाझरते. मग लोक आणखी आवळतात, टेफ्लॉन गुंडाळतात. मी लोडरवरचं जुनं निपल खिशात घालूनच दुकानात गेलो होतो, त्यामुळे एका फेरीत भागलं. नळी कापताना आत रबराचा आणि तारेचा भुसा राहतो. तो हवेनं फुंकून साफ केला आणि टोकांना टोप्या घातल्या. तेल गिअरबॉक्सचंच आहे, तिथे तो भुसा गेला तर मग प्रकरण पंजापुरतं राहत नाही.

विजेचं काम तासाभराचं. डायव्हर्टरची कॉइल १२ व्होल्टची, ३० वॉटची, म्हणजे अडीच अँपिअर. जॉयस्टिकवरचं छोटं बटण एवढा करंट रोज तोडत राहिलं तर त्याचे संपर्क जळतात, म्हणून मधे रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. कॉइलला आडवा डायोड, चावीनंतरच्या वायरवर १० अँपिअरचा फ्यूज.

संध्याकाळी खळ्यात चाचणी. मी सीटवर, मामा आणि मामी लांब कडुनिंबाखाली. बटण दाबलं, जॉयस्टिक डावीकडे, पंजा मिटला. उजवीकडे, उघडू लागला. जोर करून स्टिक पूर्ण उजवीकडे ढकलली तर पंजा उलटा फिरून पुन्हा मिटला. स्टिक अर्ध्यावर आणली, उघडला. पूर्ण ढकलली, मिटला. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "भूत गेलं नाही वाटतं," मामा म्हणाले.

हे माझ्या डोक्यातून निसटलं होतं, आणि नको होतं निसटायला. बऱ्याच लोडरांच्या व्हॉल्वमध्ये बकेट ओतायच्या बाजूला शेवटी एक जास्तीची स्थिती असते, रीजनरेशनची. दांडा जरासा अडतो आणि मग पुढे जातो. तिथे व्हॉल्व दोन्ही तोंडं एकत्र करून पंपाला जोडतो. सिलिंडरमधून परत येणारं तेल टाकीत न जाता पुन्हा मागच्या बाजूला भरलं जातं आणि बकेट झटकन ओतली जाते. बकेटसाठी झकास. पण दोन्ही बाजूंना दाब म्हणजे दांडी बाहेर, हे तर मी सकाळीच मामांना शहाणपणानं समजावलं होतं! उजवीकडे आपण 'उघड' जोडलं होतं. शेवटच्या स्थितीत व्हॉल्वला तुमचं 'उघड' कळतच नाही, तो फक्त दांडी बाहेर ढकलतो.

दांडा पुढे जाऊ नये म्हणून खिट्टी लावता आली असती, पण मग बकेटची झटपट ओतणी गेली असती, आणि शेणखताला मामांना ती हवी. म्हणून पंजाच्या दोन नळ्यांची अदलाबदल केली. आता उजवीकडे मिटतो, डावीकडे उघडतो. उजवीकडे पूर्ण ढकलला तर भराभर पण हलका मिटतो: रीजनमध्ये जोर फक्त दांडीच्या जाडीएवढ्या क्षेत्रावर मिळतो, ४.९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेसातशे किलो. अर्ध्यावर आणला की पूर्ण १२.६, म्हणजे एकोणीसशे. बिजागरीपासून सिलिंडर १२ सेंटिमीटरवर आणि दातांची टोकं ६० वर, त्यामुळे टोकाशी त्याचा पाचवा भाग, पावणेचारशे किलोच्या आसपास. खोड धरायला भरपूर. मामा म्हणाले, "मला उलटसुलट काही नाही, पहिल्यापासून असंच होतं म्हणायचं."

पंजा फार जोरात आपटत होता, हे नंतर लक्षात आलं. पंपाचं तेल मी घड्याळावर मोजलं होतं: लोडरचे दोन सिलिंडर, बोअर ५०, स्ट्रोक ४००, मिळून १.५७ लिटर, आणि लोडर वर जायला पाच सेकंद. म्हणजे मिनिटाला १९ लिटरच्या आत. पंजाचा सिलिंडर २०० स्ट्रोकचा, पाव लिटरचा. तो पाऊण-एक सेकंदात भरणार, मग आपटेलच. दोन्ही नळ्यांत तेलाचा वेग आवरणारा एकेक एकदिशा फ्लो कंट्रोल घातला आणि तीन सेकंदांवर आणला.

वजनाचं मात्र मामांना आवडलं नाही. पंजा आणि त्याचे ब्रॅकेट मिळून ८५ किलो. लोडरची ताकद पिनपाशी ३५० किलो, म्हणजे आता २६५ उरले, आणि ओझं दातांमुळे पुढे सरकलेलं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. मागे रोटाव्हेटर टांगल्याशिवाय पंजा वापरायचा नाही असं ठरवून घेतलं. ओझं घेऊन चालताना बकेट गुडघ्याच्या वर नाही.

एप्रिलच्या उन्हात कपलिंग बसेना म्हणून पुढच्या आठवड्यात एक फोन आला. काळी नळी दोन तास उन्हात पडली, आतलं बंदिस्त तेल तापलं, दाब चढला आणि कपलिंग उलट ढकलू लागलं. उपाय पंजा काढतानाच करायचा: लोडर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, चावी मात्र चालू, बटण दाबून जॉयस्टिक दोन्हीकडे दोनदा हलवा, मग काढा. चावी बंद असेल तर कॉइलला करंट नाही, दाब सुटत नाही. मामांनी हे खडूनं मडगार्डवर लिहिलं आहे.

खोडांचा ढीग अकरा दिवसांत हलला. बरंचसं गुऱ्हाळवाल्यानं नेलं. एक काम राहिलं आहे: बटण सोडल्यावर पंजा डायव्हर्टरच्या स्पूलच्या भरवशावर धरून राहतो आणि पाच-सात मिनिटांत जरासा सैल पडतो. त्याला सिलिंडरवर दुहेरी पायलट चेक व्हॉल्व, म्हणजे दोन्ही बाजूंचं तेल कोंडून ठेवणारा व्हॉल्व, हवा. मामा म्हणतात, पाच मिनिटं खोड हवेत धरून ठेवायला मी काय वेडा आहे?

फॅब्रिकेटरचा तो व्हॉल्व मी सीलं बदलून स्वच्छ करून ठेवला होता. परवा मामांनी तो शेजारच्या भाऊंना लाकडं फोडायच्या मशीनसाठी दिला. तिथे पुढे दुसरं काही जोडलेलं नाही, 'टी'ची नळी सरळ टाकीत जाते. मी जाऊन पाहून आलो.